जाड अक्षरांतली वत्सला

अकोटा, बडोदे
होळीनंतरचा मंगळवार

ती. निरुपमाताई यांस,

गुणवंतचा वाकून नमस्कार. तुमचे डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे तुमच्या अनीशने कळवले. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली असेल तरच पुढे वाचावे. नसेल तर अनीशकडून वाचून घ्यावे, मात्र तो मध्येच हसू लागला तर त्याला थांबवावे. इंदूरला उन्हाळा लागला असेल. माझी तब्येत चांगली आहे, दोन्ही वेळा जेवतो. (तुम्ही विचारण्याआधीच लिहून टाकतो, कारण गेले आठ महिने जो तो मला एवढेच विचारतो.) फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरे.

वत्सला टाचण्या टोचून ठेवायच्या गाद्या शिवत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कापडी वांगी. जुन्या जांभळ्या साडीचे पोट, हिरव्या ब्लाउजपिसाचा देठ, आत कापूस. त्यातले पहिले वांगे तुमच्याच ब्लाउजच्या बिघडलेल्या बाहीचे होते. (तुम्हाला तिने कापड कमी पडले असे सांगितले होते. आता सांगायला हरकत नाही.) लॉकडाऊनमध्ये तिला त्याचा नादच लागला. चातुर्मासात चालणारी वांगी एवढीच, असे म्हणून ती ज्याला त्याला एकेक देई. हल्ली टाचण्या असतात कोणाकडे? लोक घेत, सरस सरस म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मुले गच्चीवर त्या वांग्याने क्रिकेट खेळताना दिसत. ती गेल्यावर तिचे कपाट उघडायचा मला धीर झाला नाही. पौषात थंडी पडली म्हणून रजईसाठी उघडले, तर वरच्या फळीवरची सगळी वांगी माझ्या अंगावर आली.

माझ्या धाकट्या भावाची मालविका त्या दिवशी घरी होती. ती फाइन आर्ट्सला शिकली आणि आता इथल्या छाणी भागातल्या एका कारखान्यासाठी खोकी आणि वेष्टने यांची डिझाइने करते. वांगी उचलता उचलता म्हणाली, काका, आ तो बहु सरस छे, किती छान आहेत, आपण प्रदर्शनात मांडू, नाहीतर कापूस उंदीर खातील. मी हो म्हटले. मला नाही म्हणता येत नाही.

खोक्यासाठी तिने जी अक्षरे निवडली त्यांना रेट्रो फॉन्ट म्हणतात. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर, साबणाच्या वेष्टनांवर, सर्कशीच्या जाहिरातींवर असत तशी जाड, फुगीर, मागे सावली पडलेली अक्षरे आता कॉम्प्युटरवर नवीकोरी विकत मिळतात. 'व'ला ढेरी, 'त्स'मध्ये दोघे जण एका रिक्षात कोंबून बसल्यासारखे, आणि 'ला'चा काना म्हणजे देवडीचा खांब. (वत्सला अंगाने किती किरकोळ होती.) मग मालविकाने त्या नव्या अक्षरांच्या कडा मुद्दाम झिजवल्या, शाई अर्धवट उमटल्यासारखी दिसावी म्हणून. नवी वस्तू आणून जुनी करायला एवढे कष्ट घेणारी आमच्या घराण्यातली ती पहिलीच. खोक्यावर मोठ्याने 'वत्सला', खाली 'हाताने केलेली वांगी', त्याखाली 'बडोदे', बस. साल नाही, स्थापना नाही, संस्थापक नाही. एक शब्द खोटा नाही. खोटे असलेच तर ते अक्षरांच्या जाडीत आहे.

प्रदर्शन इथेच अकोट्यात होते. मी खुर्चीवर बसून सुतळी कापून देत होतो. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जगदेवराव (वय चौऱ्याऐंशी, आजोबा सरकारवाड्यावर मोठ्या हुद्द्यावर, असे ते स्वतःच सांगतात) टेबलापाशी थांबले, खोके हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हे पुन्हा सुरू झाले का? त्यांच्या आईच्या शिवणाच्या डब्यात हेच वांगे होते म्हणे, हीच अक्षरे, नागरवाड्यातल्या दुकानातून आणलेले. मालविकाने तोंड उघडले, पण तोवर त्यांनी अर्धा डझन बांधायला सांगितले होते. मग मला विचारले, आपण वत्सलाबाईंचे कोण? मी म्हटले, पती. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, मला खालून वर पाहिले, आणि अतिशय आदराने विचारले की सकाळी चालायला किती जाता.

इथल्या आपल्या लोकांचे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येकाचे पणजोबा दिवाणसाहेबांचा उजवा हात. (दिवाणसाहेबांना एकूण किती उजवे हात होते हे अजून कोणी मोजलेले नाही.) एकाच्या आईकडे वत्सला वांगे होते म्हटल्यावर दुसऱ्याच्या आजीकडे नसून कसे चालेल? संध्याकाळपर्यंत नागरवाड्यातल्या दुकानाला निळा दरवाजा लागला, आठवड्याभरात वत्सलाबाई राजवाड्यातल्या मुलींना शिवण शिकवू लागल्या. मी जगदेवरावांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगितले की वत्सला माझी बायको, तिने ही वांगी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिवली, गेल्या आषाढात ती गेली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असेल, गुणवंतराव, असेल," ते म्हणाले. "लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धतच होती आपल्यात. मूळ वत्सलाबाईंवरूनच ठेवलं असणार तुमच्या वडिलांनी." तिचे माहेरपासूनच नाव वत्सला होते, हे सांगेपर्यंत चहा आला. अशा रीतीने माझी बायको स्वतःच्याच नावाची दुसरी बाई झाली.

ताई, मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगतो. तेराव्यानंतर माझ्यासमोर कोणी तिचे नाव घेत नसे. माणसे येत, हवेबद्दल बोलत, माझ्या जेवणाची चौकशी करत आणि जात. मला वाईट वाटू नये म्हणून सगळे इतकी काळजी घेत की ती कधी होती की नाही असे मलाच वाटू लागले होते. आणि आता रोज कोणी ना कोणी दार वाजवते, सोफ्यावर बसते आणि तासभर वत्सला, वत्सला करते. ती वत्सला ही नव्हे, हे खरे. पण नाव तेच. मी चहा करतो आणि ऐकत बसतो.

नुसते ऐकत बसतो असे लिहिले ते पूर्ण खरे नाही. एकदा गप्पांमध्ये मी हळूच म्हटले, वत्सलाबाई पत्ते खेळताना लबाडी करत, असे ऐकून आहे. (गुलाम मांडीखाली. तुम्हीही पाहिलेले आहे.) चार दिवसांनी तेच मला जगदेवरावांनी सांगितले, त्यांच्या मावशीने प्रत्यक्ष पाहिलेले म्हणून. मग मला चटकच लागली. तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नसत, रागावली की ती कपाटे आवरत असे, कोणी गाऊ लागले की नको तिथे दाद देत असे, असे थोडे थोडे सोडत गेलो. सगळे फिरून माझ्याकडे परत येते, आणि येताना जरीकाठ लावून येते. परवा एक बाई सांगत होत्या की वत्सलाबाईंनी दरबारी गवयाला भलत्या जागी वाहवा दिली आणि तो बिचारा पुढची ओळ विसरला. मी आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसलो. ती तशीच करायची हो.

आता अडचण अशी. येत्या रविवारी मंडळात 'वत्सला'चा सत्कार आहे, नव्वद वर्षांच्या परंपरेचा. शाल मी घ्यायची आहे. मालविकाला हे मुळीच पसंत नाही. ती म्हणते, "काका, आपण काही खोटं लिहिलं नाही, पण आता गप्प बसणं म्हणजे चीटिंगच छे." रविवारी उभे राहून ती सगळे खरे सांगणार, आणि पुढची खोकी बारीक, साध्या, आजकालच्या अक्षरांत करणार. तिचे बरोबर आहे. पण बारीक अक्षरे पाहून कोणाला काही आठवत नाही, ताई. लोक वांगे घेतील, सरस म्हणतील, आणि माझ्याकडे येऊन पुन्हा हवेबद्दल बोलतील. शेवटी आमचे ठरले की तुम्ही वत्सलेची थोरली बहीण, तुम्ही म्हणाल तसे करायचे. तुमचे उत्तर येईपर्यंत कोणी काही बोलायचे नाही, असे वचन मालविकाने दिले आहे. तेव्हा विचार करून स्पष्ट कळवावे. जो निर्णय द्याल तो मला मान्य.

अनीशला आशीर्वाद. डोळ्यांत औषध वेळेवर घालावे.

तुमचा,
गुणवंत

ता. क. हे पत्र आज लिहिले तरी शनिवारी संध्याकाळी, साध्या टपालाने टाकणार आहे. तेव्हा निर्णयाची घाई करू नये.

ता. क. २. खरे काम वेगळेच आहे. माझ्याजवळचे सगळे सांगून संपत आले. आमच्या लग्नाआधीची वत्सला मला ठाऊक नाही. ती लहानपणी कोणाशी भांडली, शाळेत काय फोडले, कशाला घाबरायची, ते सगळे सवडीने लिहून पाठवा. फक्त खरेच पाठवा. खोट्याची इथे टंचाई नाही.

ता. क. ३. मंडळाच्या स्मरणिकेत दत्तात्रेय मास्तर 'वत्सला'चा इतिहास लिहीत आहेत. काल घरी आले होते. सगळे विचारून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "आणि वत्सलाबाई वारल्या कधी?" मला तिथी, वार, वेळ सगळे पाठ आहे. मी म्हटले, त्याची काही कल्पना नाही. त्यांनी वहीत ती जागा मोकळी ठेवली आणि पुढे गेले. लेख आता छापायला गेला आहे. त्यात तिचा जन्म आहे, लग्न आहे, पत्त्यांतली लबाडी आहे, आणि त्यापुढे काही नाही.