नूतनचं अमेरिकेतलं मत

२० ऑक्टोबर २०२४, सकाळी ६.१०
नूतनला अमेरिकेचं नागरिकत्व मिळून चार महिने झाले. येत्या पाच नोव्हेंबरला माझी मुलगी तिथला राष्ट्राध्यक्ष निवडणार! वारूळवाडीत हा मान आमच्याच घराला. तिला गाइड करणं बाप म्हणून माझं काम. रोज पहाटे उठून तिथल्या राजकारणाचा अभ्यास. आजपासून.
आज डोळे चुरचुरतात. उद्यापासून.

२३ ऑक्टोबर
सुदर्शनच्या सलूनमध्ये अमेरिकेवर बोललो. तिथं गरीब-श्रीमंत भेद नाही, मालक-कामगार एका टेबलावर जेवतात. दाढीला बसलेल्या संपतने विचारलं, नूतनताई कशात हाय? लॉजिस्टिक्समध्ये, म्हटलं. गोडाऊनमध्ये खोकी भरते, पण ते लॉजिस्टिक्सच की.

२७ ऑक्टोबर, रविवार
व्हिडिओ कॉल. मुद्दे वहीत काढून बसलो होतो. पहिल्याच मुद्द्याला नूतन म्हणाली, "आण्णा, मी मत देणार नाय."
का, तर चार वर्षांपूर्वी दोन्ही पक्षांची माणसं गोडाऊनच्या गेटवर आली. हेल्मेट घालून फोटो काढले, पगार वाढवू म्हणाली. पगार आहे तिथंच, घरभाडं दीडपट. मालकाच्या घोड्यांच्या तबेल्याला एसी आहे, गोडाऊनला नाही. उन्हाळ्यात तिच्या शेजारची बाई काम करता करता कोसळली.
मी म्हणालो, बघ, घोड्यांचीसुद्धा काळजी घेतात. मोठा देश आहे.
तेवढ्यात नेटवर्क गेलं.

२८ ऑक्टोबर
बायकोचं, रतनचं म्हणणं, नेटवर्क गेलं नाही. "फोन तिनंच ठिवला. डोळं भरलं व्हतं पोरीचं."
माझ्या फोनचा स्क्रीन लहान आहे. मोठा घ्यावा लागेल.

१ नोव्हेंबर
मत हा पवित्र हक्क, यावर नूतनला लांबलचक मेसेज लिहिला. उत्तरात अंगठा आला. पटलेलं दिसतं.
रतन म्हणाली, "अवं, मागच्या दोन टायमाला तुमी सवता कुटं गेला व्हता?"
पहिल्या वेळी पाठ दुखत होती. दुसऱ्या वेळी प्रचाराची जीप दारात आली. जीप तीच, ड्रायव्हर तोच, झेंडा तेवढा नवा. ते बघून पाठ परत धरली. कारण वैद्यकीय आहे.

६ नोव्हेंबर
नूतनचा फोन. काल सुटी नव्हती. पहाटेच केंद्रावर गेली, दोन तास रांगेत उभी राहिली. शिफ्टची वेळ झाली म्हणून मत न देताच निघाली. म्हणाली, "तुमच्यासाठी गेले व्हते, आण्णा."
सलूनमध्ये सांगितलं, दिलं मत. संपतने विचारलं, "मग आता काय फरक पडंल तिला?"
वेळ लागतो, म्हटलं. दाढी न करताच उठलो.

२० नोव्हेंबर, दुपारी
आज आपल्याकडं विधानसभेचं मतदान. नूतनपुढं उदाहरण ठेवायचं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेलो. यंत्रापुढं उभा राहिलो. सगळी नावं वाचली. परत वाचली. टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या, "दाबा की बाबा, मागं मान्सं खोळंबलीत."
दाबलं.
शाईच्या बोटाचा फोटो नूतनला पाठवला. तिचा मेसेज आला, "भारी, आण्णा! कुणाला दिलं?"
बराच वेळ आठवून पाहिलं. वरून तिसरं होतं की चौथं?
मत गुप्त असतं, असं लिहून पाठवलं.