पाच बाण आणि चिंध्यांचं पोतं

३ तारीख, सकाळ
आजपासून शिस्त. बाबांनी स्वतः घडवलेले शिकारीचे पाच बाण माळ्यावरून काढले. बाबांचा उजवा हात वर्षभर लुळा आहे, म्हणजे सहावा बाण आता होणे नाही. शिकारबिकार नाही, फक्त निशाणा. महिनाअखेरीला त्यांच्यासमोर नेम मारून दाखवणार. आयुष्यात एकदा तरी त्यांनी मला 'शाबास' म्हणावं.

बाबा म्हणाले, आधी मारणार कशावर ते ठरव. पोत्यात चिंध्या ठास, मागे मातीचा ढीग घाल. मी म्हटलं, जमाना बदललाय, नेटवर सगळं आहे.

५ तारीख
थर्माकोल. फ्रिजच्या खोक्यातलं. बाण आरपार जाऊन भिंतीवर आपटला. काडी चिरली. थर्माकोल हलक्या क्वालिटीचं निघालं. माझी ताकद मात्र सिद्ध झाली. उरले चार.

८ तारीख, संध्याकाळ
लाकडी फळी. नेम अगदी मधोमध! बाण इतका रुतला की पक्कड लावावी लागली. काडी हातात, पातं फळीत. मी फळीला नावं ठेवली, तर बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तुकडे टाकू का, असं तिने विचारलं. म्हटलं, टाक. बाबांना सांगायचं नाही. उगाच बीपी वाढतं.

१२ तारीख
गादी दोरीवर टांगली. कल्पना माझीच. गादी हलली आणि बाण कुंपणापलीकडे. शेजारचा वेल्डर तो घेऊन आला, दोन तुकड्यांत. त्याच्या पाण्याच्या टाकीला भोक. आवाज चढवला नाही त्याने. एवढंच म्हणाला, "पाच मिनिटांपूर्वी माझी मुलगी तिथे कपडे वाळत घालत होती."

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१३ तारीख
धनुष्य कपाटात. महिनाभर हात लावणार नाही. वेल्डरची टाकी बदलून देणार. हे पक्कं.

१७ तारीख
संकल्प मोडला नाही, जरा वाकवला. या वेळी कुंपणाकडे पाठ केली, म्हणजे सेफ्टी शंभर टक्के. झाडाचा बुंधा. बाण घसरून दगडावर. उरला एक. हरकत नाही, खरा तिरंदाज एकाच बाणावर ओळखला जातो.

३० तारीख, दुपारी चार
अंगणात बघतो तर चिंध्यांनी ठासलेलं पोतं. तोंड सुतळीने शिवलेलं, मागे छातीएवढा मातीचा ढीग. बाबांनी खिडकीतून सांगायचं आणि बायकोने करायचं, असं आठवडाभर चाललं होतं म्हणे. मी ऑफिसात, परतायचो रात्री.

बाबा खुर्चीत बसले. बाण आण म्हणाले. मी एक आणला. बाकीचे पॉलिशला दिलेत, असं सांगितलं.

त्यांनी मांडीवरचं फडकं उलगडलं. आत चारही बाण. बायकोने तुकडे टाकलेच नव्हते. बाबांनी डाव्या हाताने डिंक लावला होता, दातांत दोरा धरून गुंडाळला होता. चारही वाकडे.

"हे उडायचे नाहीत," ते म्हणाले. "तो एक बिनधास्त मार. हे पोतं बाण मोडत नाही."

बाण लावला. दोरी ओढली, पुन्हा सैल सोडली. मी म्हटलं, आज वारा आहे.

बाबा म्हणाले, बरं, वारा पडला की मार. अंधार पडेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

वारा नव्हता.