शब्दाचा शेवटचाच तुकडा

सोम. ३ फेब्रु., बारामती
१. तात्यांचा तपासणीचा रिपोर्ट आला. मी नोकरी करते त्याच लॅबमध्ये. सरांनी आधी मला बसायला सांगितलं.
२. स्वादुपिंड. ॲडिनोकार्सिनोमा.
३. दादाला फोन. "तात्यांना यातलं कायबी सांगायचं न्हाय. आईलाबी न्हाय. आपल्यात सांगत न्हाईत."
४. मी बरं म्हणाले.

मंगळ. ४, अंथुर्णे
तात्यांनी रिपोर्ट उलटा-सुलटा केला. "एवढं लांबलचक काय गं हे? फोडून सांग."
कॉलेजात असे लांब शब्द असेच फोडायचो. ॲडिनो, ग्रंथी. कार्सिन, खेकडा. ओमा, गाठ.
दादा दारात उभा.
"शेवटी ओमा आहे ना तात्या, म्हणजे गाठ."
खोटं नाही. आधीचे दोन तुकडे गिळले.

गुरु. ६
पुण्याचे सर्जन: अजून काढता येईल, पण थांबू नका.
तात्या: "गाठच हाय न्हवं? आपल्या धोंडीबाच्या मानंवर लिंबाएवढी हाय, कवाची. त्याला कुणी फाडला का?"
आई हसली. दादाही हसला. मी पाणी प्यायला आत गेले.

शनि. ८
ऑपरेशनला साफ नकार. पारावर सांगत बसतात, "आमची नीता लॅबात हाय. तिनंच सांगितलं, साधी गाठ."
डोळे आणखी पिवळे. उद्या वरकुट्याला जाणार, तिथं काविळीचा पाला देतात.
दादा म्हणतो, "तू शिकलेली, तूच समजाव." काय सांगून? तोंड तर त्यानंच बंद केलं.

रवि. ९
वरकुट्याला मीच घेऊन गेले. परतताना गाडी बांधाला उभी केली. राहिलेले दोन तुकडे सांगितले.
"खेकडा कशाला? कॅन्सर म्हण की."
"हो."
"मंगळवारी म्हायत व्हतं तुला?"
"हो."
"दादाला?"
"हो."
"म्हंजे मीच येडा."
पाल्याची पुडी मुठीत धरून बसले. घरी जेवले नाहीत. आईनं विचारलं, भांडलात का.

सोम. १०, बारामती
फोन उचलत नाहीत. दिवसभर मायक्रोस्कोपखाली काचपट्ट्या बघितल्या, एकही दोनदा पाहिल्याशिवाय पुढे सरकवली नाही.
संध्याकाळी पाठवलं ते इथं उतरवते:

तात्या, सर्जनना शुक्रवारी सकाळी सांगायचं आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. ऑपरेशन करायचं की नाही, हे गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा. हो किंवा नाही, एवढंच लिहा.