रुनाचा चोथा आणि माझी राख

उप्साला, मार्चमधला दुसरा सोमवार

प्रिय गुनवोर मावशी,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या मुलाचा, म्हणजे सिक्स्टेनचा, पार कमरेत वाकून नमस्कार. तुझा खुबा आता कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या का? बर्तिलकाकांनी बर्फ ढकलायचं यंत्र दुरुस्त केलं, की अजून तूच फावडं घेऊन वाट काढतेस? चर्चमधली रविवारची कॉफी तुझ्याच हाती आहे ना? (ती कुणाला देऊ नकोस, का ते पुढे सांगतो.) इकडे मी ठीक आहे. जेवतो, झोपतो आणि उरलेला वेळ जळतो.

ख्रिसमसला तू विचारलं होतंस की मी सहा वर्षं नक्की करतो काय, तेव्हा तोंडात हॅम होतं म्हणून सांगता आलं नाही. आता ऐक. दोन काचा घ्यायच्या, त्यांच्यामध्ये थेंबभर द्राव भरायचा. एका काचेला रंग दिलेला असतो, तो ऊन पितो. दुसऱ्या काचेवर प्लॅटिनमचा थर असतो, त्याला इलेक्ट्रोड म्हणतात. प्लॅटिनम परवडत नाही, म्हणून साली, टरफलं, देठ असला झाडांचा कचरा हवा लागू न देता भट्टीत भाजायचा, त्याचा कोळसा करायचा आणि प्लॅटिनमच्या जागी तो फासायचा. मग उन्हाची किती टक्के वीज झाली ते मोजायचं. प्लॅटिनम लावलं तर सात टक्के. मी तुझ्या अंगणातल्या स्प्रूसच्या सालीचा कोळसा लावला तर साडेतीन. सहा वर्षांत साडेतीन, मावशी. वर्षाला जेमतेम अर्धा टक्का पडतो, आणि याच आकड्यावर मला प्रबंध लिहून डॉक्टर व्हायचं आहे.

हेही मी सोसलं असतं, पण रुना आली. माझ्यानंतर दोन वर्षांनी आली, माझ्याच खोलीत, माझ्याच समोरच्या टेबलावर. (तीच गं, जिला सुट्टीत कुठे जायला नव्हतं म्हणून मी ख्रिसमसला तुझ्याकडे आणली होती, आणि जिला तू विणलेले मोजे दिलेस. मला तू कॅलेंडर दिलंस. असो.) तिनं ना जंगल धुंडाळलं, ना पोती वाहिली. फिकाच्या सुट्टीत आम्ही सगळे कॉफी पिऊन उठलो की ही बया यंत्रातला ओला चोथा डब्यात भरून घ्यायची. आम्ही हसलो. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो. आणि त्या चोथ्याच्या कोळशानं पहिल्याच वर्षी सहा टक्के दिले! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. त्यातली निम्मी कॉफी मी प्यायलेली. म्हणजे कच्चा माल पुरवणारा मी, आणि शाबासकी तिला.

मी हरलो नाही. तू नोव्हेंबरमध्ये सोलून पाठवलेली चार पोती साल घेतली, वाळवली, दळली आणि मोठ्या भट्टीत घातली. भट्टीत नायट्रोजन सोडत राहावा लागतो, नाहीतर हवा शिरते. नळकांड्याचा काटा तळाला आला होता, हे मला दिसत होतं. पण साडेनऊ वाजले. आता तूच सांग, साडेनऊला फिकाला न जाणारा माणूस इथे कसा जगेल? एकदा मी गेलो नव्हतो, तर तीन जणांनी स्वतंत्रपणे येऊन विचारलं होतं की घरी सगळं ठीक आहे ना. मी गेलो, वेलदोड्याचा बन खाल्ला, बर्फाबद्दल बोललो, परत आलो. तोवर नळकांडं रिकामं झालं होतं आणि भट्टीत मूठभर पांढरी राख होती. तुझी चार पोती, मावशी! (मागच्या पत्रात मी ‘सालीचं काम सुरू आहे’ असं लिहिलं होतं. ते शब्दशः खरं नव्हतं.) रुनानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःचं भरलेलं नळकांडं मला देऊ केलं. असा राग आला मला! माणसानं निदान थोडं तरी वाईट असावं.

त्याच आठवड्यात या सत्रासाठी कॉफी आणायची पाळी माझ्याकडे आली आणि माझ्या डोक्यात सैतान शिरला. आमचे प्राध्यापक इंगेमार दक्षिणेकडचे, स्कोनेचे. त्यांना डांबरासारखी काळी, करपेपर्यंत भाजलेलीच कॉफी लागते, म्हणून सगळा विभाग तीच पितो आणि रुनाचा कोळसाही त्याच चोथ्याचा. मी मध्यम भाजलेली आणली आणि जुन्या डब्यात ओतली. बस. म्हटलं, चोथा बदलेल, आकडा कोसळेल, आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवीन.

पुढे जे झालं ते आपल्याच देशात होऊ शकतं. तोंडानं कुणी एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी यंत्रावर चिठ्ठी लागली: ‘यंत्र नीट धुवावे. एक सहकारी.’ दुसऱ्या दिवशी तिच्याखाली: ‘यंत्र रोज धुतले जाते. नाक तपासून घ्यावे. दुसरा सहकारी.’ आठवड्याभरात कपाटाचं दार चिठ्ठ्यांनी भरलं, आणि समोरासमोर सगळे गोड हसून हवेबद्दल बोलत होते. इंगेमारना वाटलं आपली चवच गेली. ते गुपचूप कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. शेवटी विभागाची बैठक बोलावली, विषय क्रमांक चार: कॉफी.

आणि मी सापडलो कसा? पाकिटांमुळे. गुन्हा माझ्या हातून झाला, पण रिकामी पाकिटं चुकीच्या डब्यात टाकणं काही झालं नाही. ती मी धुतली, घडी घातली आणि आमच्याच खोलीतल्या, मऊ प्लॅस्टिकच्या कचऱ्यासाठी ठेवलेल्या डब्यात रचून ठेवली. भांडारातल्या मायकेनबाईंनी ती अकराच्या अकरा बैठकीत टेबलावर मांडली आणि विचारलं, “हा काय प्रकार आहे, सिक्स्टेन?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंगेमार तर असे बघत होते, जणू मी त्यांची आई विकली. तेव्हा मी, मावशी, तोंड उघडलं आणि म्हणालो की प्रयोग होता. कॉफी कमी भाजली तर रुनाचा कोळसा सुधारतो का, ते बघत होतो. आधी सांगितलं असतं तर निकालावर परिणाम झाला असता.

कुणी हसेल म्हणून वाट पाहिली. कुणी हसलं नाही. रुना हळूच उठली, वही घेऊन आली आणि म्हणाली, “तरीच! तीन आठवड्यांपासून माझा आकडा सहा पूर्णांक नऊवर गेलाय आणि मला कारण सापडत नव्हतं.” टाळ्या वाजल्या, गं. माझ्यासाठी, सहा वर्षांत पहिल्यांदा. का वाढला ते अजून कुणालाच कळलेलं नाही. मी तिला पाडायला गेलो आणि स्वतःच्या हातानं शिडी लावून दिली.

आता तिचा प्रबंध छापून आलाय. परवा बुधवारी दुपारी तीनला, रीतीप्रमाणे, ती तो हातोड्यानं भिंतीवर ठोकणार आणि खिळा धरायला तिनं मला बोलावलंय. आभाराच्या पानावर, तिच्या आईवडिलांच्याही वर, असं लिहिलंय: ‘सिक्स्टेनला, ज्यानं स्वतःचं काम बाजूला ठेवून गुपचूप माझं काम पुढे नेलं.’ दीडशे प्रती. मी ते पान किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. एवढं खोटं माझ्याबद्दल आजवर कुणी छापलं नव्हतं, आणि एवढं चांगलंही नाही. तिला खरं सांगावं, तर परवाच्या तिच्या दिवसाचा विचका होईल. न सांगावं, तर खिळा धरताना तिच्याकडे बघता येणार नाही. मी ठरवलंय, सांगायचं नाही. काकांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुझा (अजूनही लाडका असल्यास)
सिक्स्टेन

ता.क. खरं काम सांगायचं राहिलंच. चर्चची कॉफी तू पातेल्यात उकळून करतेस, जाडसर दळलेली, जेमतेम भाजलेली. तो चोथा कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकू नकोस. वाळवून चार किलो पाठव, माझ्या घरच्या पत्त्यावर, विभागाच्या नाही. सहा पूर्णांक नऊच्या वर मला जायचंच आहे.

ता.क. दुसरा. रुनाला हे कळता कामा नये. तिचा फोन आला तर कोंबड्यांबद्दल बोल.

ता.क. तिसरा. बुधवार, सकाळ. पत्र अजून खिशातच आहे. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून आठ वाजता जाऊन रुनाला सगळं सांगून टाकलं: डबा, चोथा, हेवा, सगळं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाली, “नीच आहेस तू.” मी म्हटलं, हो. म्हटलं, ते पान फाडून टाक, मी दीडशे प्रतींमधून स्वतः फाडतो. तर म्हणाली, “आता छापून झालंय, सिक्स्टेन. आता तू तसा हो.” आणि डब्यातली कॉफी कुठल्या तारखेला बदलली ते विचारून वहीत लिहून घेतलं! दुपारी खिळा मीच धरायचा आहे. कॉफी किती भाजावी याचा पुढचा सगळा अभ्यास ती माझ्यासाठी सोडतेय. म्हणाली, त्यावर तुझा प्रबंध होईल, मोजायला मी येईन. मावशी, आकड्याचा हेवा मी सोसला होता, पण या चांगुलपणाचा हेवा कसा सोसू?

तेव्हा चोथा विभागाच्याच पत्त्यावर पाठव. पाकिटावर दोघांची नावं घाल. माझं आधी.