ठिबकवरचे मासे

३ ऑगस्ट, सकाळी

आजपासून नोंदी ठेवणार. आजकाल कुणाचा भरवसा नाही, हाताशी पुरावा असलेला बरा.

हॉलमधल्या सहा फुटी टँकचं पाणी बदलायचं कसं, यावर काल शेजारच्या वीरधवलशी जोरदार वाद. रिटायर्ड सुभेदार. त्याच्याकडेही टँक आहे, आमच्याहून लहान. दर रविवारी पाईप लावून निम्मं पाणी काढतो आणि बादलीनं ताजं ओततो. म्हणाला, "जवाहर, गड्या, ठिबक उसाला. माशाला आपली बादलीच." वाळवा तालुक्यातला अर्धा ऊस मी ठिबकवर आणला. दुकानावर एवढा मोठा बोर्ड आहे. आणि हा मला ठिबक शिकवणार!

प्लॅन: टेरेसच्या टाकीतून बारीक नळी, टँकवर एक ड्रिपर. ताजं पाणी थेंब थेंब आत, तेवढंच जुनं वरच्या भोकातून बाहेर, ते थेट गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत. बादली नको, सांडलवंड नको.

बायकोची, राजमतीची, एकच अट. आपल्या घरात जीव जाता कामा नये. एक जरी मासा गेला तर बाकीचे त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी. मी म्हणालो, मंजूर.

मासे सात. सगळ्यांत मोठा भोपळ्या, ब्राह्मी दहावीत असताना आणलेला. लेक आता जर्मनीत. व्हिडिओ कॉलवर आधी भोपळ्या, मग आई, मग बॅटरी उरली तर मी.

५ ऑगस्ट

सिस्टीम चालू. थेंब अगदी घड्याळासारखे.

फिल्टर बसवला नाही. गिऱ्हाइकाला मी फिल्टरशिवाय ठिबक देतच नाही, पण ते शेत. आमचं जैनाचं घर. इथे पाणी गाळल्याशिवाय वापरतच नाहीत. गाळलेलं पुन्हा काय गाळायचं?

दुकानाच्या ग्रुपवर फोटो टाकला. वीरधवलनं नुसता अंगठा पाठवला. या माणसाच्या अंगठ्याचा अर्थ काय?

११ ऑगस्ट

पाणी काचेसारखं स्वच्छ. ठिबकचा विजय. शिराळ्याहून दोन गिऱ्हाइकं खास बघायला आली. भोपळ्यानं त्यांच्यासमोर गिरकी मारली. राजमती चहा घेऊन आली, काहीतरी बोलणार होती, पाहुणे बघून गप्प बसली.

पण. न्हाणीतली हिरवी बादली रोज जागेवर नसते.

१४ ऑगस्ट

टँकखालची फरशी सकाळी ओली. कामवाल्या धोंडुबाईला विचारलं, टँकचं पाणी कोण घेतं. ती म्हणाली, "आवं मालक, मी कशाला माशाचं पानी घिऊ? मला काय नळ न्हाई व्हय?" उत्तर फार तयार होतं. आधीच पाठ केलेलं वाटलं.

१७ ऑगस्ट

गॅलरीतला कढीपत्ता सुकतोय. टँकमधलं पाणी रोज त्याच्याच कुंडीत जातं, तरी सुकतोय. परसातली जास्वंद मात्र उगाचच फोफावलीय. कुणीतरी कढीपत्त्यात काहीतरी टाकतंय. गॅलरीला लागून कुणाची भिंत आहे? वीरधवलची.

दोरीवर पाणी गाळायची पांढरी फडकी एकाऐवजी तीन वाळत होती. राजमतीला विचारलं. म्हणाली, घरात पाणी जास्त लागतंय. दोन माणसांना?

२० ऑगस्ट

दुकानातला जुना कॅमेरा घरी आणला. आधी टँककडे तोंड करून लावणार होतो. पण टँकमध्ये सगळं व्यवस्थित आहे, तिथे बघायचं काय? संशय आहे तिकडे लावला. वीरधवलच्या भिंतीवर.

रेकॉर्डिंग रोज बघायचं ठरवलं.

२५ ऑगस्ट

रेकॉर्डिंग बघायला वेळ नाही. सीझन आहे. उद्यापासून.

२७ ऑगस्ट

उद्यापासून पर्युषण. मिरजेच्या सासूबाईंनी दहा दिवसांचे उपवास धरलेत, त्यांची काळजी घ्यायला राजमती तिकडे गेली. निघताना बादलीबद्दल काहीतरी सांगत होती. मी फोनवर होतो. बादलीचं काय एवढं?

३० ऑगस्ट

पाणी किंचित दुधाळ. पावसाळी हवा. मोबाईलच्या फोटोतही पाणी दुधाळच येतं म्हणून दुकानाच्या ग्रुपवर जुनाच फोटो टाकला.

मासे खात नाहीत. पर्युषण आहे. मुक्या जीवालाही वातावरण कळतं. बघून बरं वाटलं.

१ सप्टेंबर

मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. बहुतेक मला ओळखायला लागले.

वीरधवल न सांगता आत आला. टँकजवळ उभा राहून वास घेतला आणि म्हणाला, "जवाहर, पानी पार मेलंय रं. बादली आण, दोघं मिळून बदलू." मी सांगितलं, सिस्टीम चालू आहे. तो म्हणाला, "कुठं चालूय? थेंब दाव बरं." मी म्हणालो, थेंब असा कुणी मागितला की लगेच दाखवता येत नाही. त्याला दारापर्यंत पोचवलं. हा सारखा टँककडे का बघतो?

३ सप्टेंबर

छोटा पांढरा दिसत नाही. दगडामागे असावा. मुळातच लाजाळू.

४ सप्टेंबर, सकाळी

छोटा पांढरा सापडला. दगडामागे नव्हता. वर होता, आडवा.

कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवला, वर माती सारखी केली. याला 'गेला' म्हणायचं का, हे राजमती आल्यावर बघू. सातांत एक म्हणजे फार नाही. पण मघापासून हाताला माती लागल्यासारखी वाटतेय, दोनदा धुतले तरी.

४ सप्टेंबर, दुपारी

भोपळ्या कुशीवर झोपलाय. हे झोपणं मला आवडत नाही.

शेवटी रेकॉर्डिंग लावलं. पकडला! बावीस ऑगस्टची सकाळ. वीरधवल भिंतीवरून त्याची पाणी काढायची पाईप आमच्या बाजूला देतोय. इकडून एक हात येतो, हिरव्या बांगड्यांचा, आणि पाईप घेतो. तेवीसला पुन्हा तेच. चोवीसलाही. घरभेदी! धोंडुबाईच्या बांगड्या मी कधी नीट बघितल्या नव्हत्या, ही माझी चूक.

लगेच राजमतीला फोन केला. म्हटलं, आपले सुभेदार आणि धोंडुबाई मिळून माझ्या सिस्टीमचा सत्यानाश करतायत, पुरावा आहे.

ती म्हणाली, "हात माझा हाय."

पुढचं तिनं एका दमात सांगितलं. ड्रिपर तिसऱ्याच दिवशी चोंदला. बोअरच्या क्षारानं. टेरेसची टाकी काय आपोआप गाळली जाते का? तेव्हापासून रोज सकाळी मी फिरायला गेलो की ती वीरधवलच्या पाईपनं जुनं पाणी काढायची, जास्वंदीला घालायची, परसातल्या विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून बादल्या ओतायची, आणि फडक्यावर राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडायची. मला का नाही सांगितलं? म्हणाली, "गिऱ्हाइकं यायची बघायला. त्यांच्यासमोर तुमची मान खाली जायला नको. मिरजेला जाताना सांगितलं हुतं की, रोज चार बादल्या. तुमी व्हय म्हणालासा."

मी व्हय फोनवरच्या माणसाला म्हणालो होतो.

४ सप्टेंबर, संध्याकाळी

वीरधवल आला. मी बोलावलं नव्हतं, राजमतीनं त्याला फोन केला. तो पाईप धरून बसला, मी विहिरीवरून पाणी आणलं, फडक्यानं गाळलं. कंबर गेली. दिवेलागणीला भोपळ्या सरळ झाला. मला एकदम रडू आलं. वीरधवल म्हणाला, "व्हतंय गड्या." त्यात मला टोमणा जाणवला, पण या वेळी मी सोडून दिलं.

८ सप्टेंबर, क्षमावाणी

आज सगळ्यांची क्षमा मागायची असते. मी एक पाऊल पुढे जाऊन सगळ्यांना क्षमा केली. धोंडुबाईला म्हणालो, मी तुला माफ केलं. ती म्हणाली, "पर मालक, मी काय केलं हुतं?" म्हटलं, तेवढंच तपासायचं राहिलं.

राजमती काल आली. आज बस्तीतून दर्शन घेऊन आल्यावर तिनं मला हात जोडले, उत्तम क्षमा म्हणाली. मीही म्हणालो. मग ती टँकसमोर गेली आणि माशांना हात जोडले. एकेकाकडे बघत. मग तशीच थांबली.

सातवा कुठाय, असं विचारलं. मी म्हणालो, दगडामागे.

तिनं बाही वर केली, हात घातला, दगड उचलला. पुन्हा ठेवला. काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझी दोन-तीन तयार होती.

मग मीच कुंडी दाखवली.

दुपारी वीरधवल पिंप घेऊन आला. सहाही मासे त्याच्या टँकमध्ये. भोपळ्या पिंपातून एकदा माझ्याकडे बघत होता. किंवा नसेलही.

१४ सप्टेंबर

ब्राह्मी आता व्हिडिओ कॉल वीरधवलकाकाला करते. आज रविवार. त्यानं हाक मारली म्हणून गेलो. गाळणं मी धरलं, बादल्या मीच ओतल्या. भोपळ्या हातापाशी आला. अन्न समजून आला, असं वीरधवल म्हणाला. याला माझं काहीच बघवत नाही.

२१ सप्टेंबर

ड्रिपर ॲसिडनं धुतला, फिल्टर बसवला. सिस्टीम शंभर टक्के यशस्वी. थेंब अगदी एकसारखे, सकाळपासून एकही चुकला नाही. जुनं पाणी भोकातून बरोबर बाहेर पडतंय. कढीपत्त्याला नवी पालवी फुटली.

टँकमध्ये कुणी नाही. पाणी इतकं स्वच्छ आहे की पलीकडे गव्हाचे दाणे निवडत बसलेली राजमती स्पष्ट दिसते. ती इकडे बघत नाही.