खांद्यावरचा वळ

महाड, गुरुवार, १४ ऑगस्ट २००३

त्या माणसाचा खांदा डोळ्यांसमोरून हलत नाही.

केसपेपर काढताना 'घरून कसे आलात' हा प्रश्न मीच हट्टाने घालून घेतला होता. ज्यांची वाट अवघड, त्यांना दवाखान्यात ठेवून घेता यावं म्हणून. आज पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतली बाई आली, पायाला चिघळलेली जखम. "येष्टीनं आलो," म्हणाली. मी एसटी लिहिलं. तिच्या आधीच्या मास्तरीणबाईही एसटीनेच आल्या होत्या. कागदावर दोघी सारख्याच.

डॉक्टरांनी दिवसाआड ड्रेसिंगला बोलावलं, तेव्हा सोबतचा दीर नुसता खांदा चोळत राहिला. सदऱ्याखाली लालभडक वळ. विचारल्यावर कळलं, बांबूला झोळी बांधून तिला डांबरी रस्त्यापर्यंत उतरवली होती.

"मग सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं? समदी तशीच येत्यात."

बाई हळूच म्हणाली, "ताई, परत नका बोलवू. झोळी उचलाया वाडीत माणसं नाय. मुंबयला हायत समदी."

डॉक्टरांना म्हटलं, हिला ठेवून घ्या. त्यांनी कागदावरच्या 'एसटी'वर बोट ठेवलं. ड्रेसिंगसाठी खाट अडवता येत नाही म्हणे. मी वाद घातला, पण अक्षर माझंच होतं.

चारच्या गाडीने दोघं गेली. रस्त्यावर झोळी घेऊन कोणी थांबलं असेल का? की तोच खांदा पुन्हा?

परवा शनिवार. ती येणार नाही. मग तिच्या नावापुढे 'बोलावूनही आली नाही' असं लिहायचं. तेही मीच?