बोटीवरची कमान

व्हिटकर तळे, मिनेसोटा
२२ जून २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्याच घराच्या पायऱ्यांवरून पडायला तूच हवीस. आमची किर्स्टन म्हणते, आत्याला बोटीतच ठेवा, तिथे पायऱ्या नाहीत.

बाबांच्या त्या बोटीवर मी कमान बसवली. हल्लीच्या पोरांना बोटीमागे पाण्यावरचं साधं स्की नको, दोन्ही पाय एकाच फळीवर बांधायचा वेकबोर्डच हवा. दोरी मधल्या बुटक्या खांबाऐवजी डोक्यावरच्या कमानीला बांधली की पोरगी लाट सोडून चांगली पुरुषभर उडते. शेजारच्या ऑर्विलने नवी बोट घेतली आणि जुन्या बोटीवरची ही कमान मला दिली. दोन दिवस काठाला भोकं पाडून चारही पाय बोल्टने आवळले. उजवीकडच्या मागच्या भोकातून मात्र गुलाबी भुगा आला. फायबरचा पांढरा येतो, हा कुठला कोण जाणे. अठरा वर्षांची बोट, म्हातारपणी काहीतरी खोड काढणारच.

चार जुलैच्या सुट्टीला सगळ्या तळ्यासमोर किर्स्टनला ओढणार आहे. बाबा गेल्यापासून इतकं मन लावून मी काहीच केलं नव्हतं. कळावे, तब्येतीला जप आणि रागवायला तरी पत्र लिही.

तुझा
लाइल

*

डुलुथ
२८ जून २००३

चि. लाइल यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचेल त्या क्षणी बोट धक्क्याला बांध. किर्स्टनला त्या कमानीवरून ओढू नकोस. कारण खाली लिहिते, पण आधी बोट बांध, मग वाच.

तो गुलाबी भुगा म्हणजे मोटारीच्या पोचांत भरायची लांबी आहे. अठ्ठ्याऐंशी साली तू स्कीच्या शोच्या सरावाला गेला होतास, तेव्हा मी न विचारता बोट काढली आणि धक्क्याच्या खांबावर घातली. उजवा काठ मागे हातभर फाटला होता. बाबांनी गॅरेजमधली लांबी भरली, घासून वर रंग मारला. म्हणाले, रविवारी त्याचा शो आहे, त्याला सांगून त्याचा जीव खाली-वर करू नकोस. बोटीतल्या बुटक्या खांबाला दोरी बांधून ओढायचं तर काठावर कुठे जोर येतो. तेव्हा ते खरं होतं. आता सगळा जोर काठावर आहे, आणि चौथा बोल्ट त्या लांबीत आहे.

तळ्यावरच्या दुकानात दोनदा फोन केला. म्हातारा हॅल्वर निरोप देतो म्हणाला, पण तो निरोप विसरण्यातच पटाईत. तुमच्या झोपडीत फोन नाही, टपालाची बोट आठवड्यातून दोनदा, आणि मी इथे प्लास्टरमध्ये. दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. पंधरा वर्षं गप्प बसले, लाइल. मला फार भीती वाटते. दोन ओळी का होईना, लगेच लिही.

तुझी
आर्डिस

*

व्हिटकर तळे
३ जुलै २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

किर्स्टन सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

हॅल्वरने काहीच सांगितलं नाही. तुझं पत्र आज दुपारी टपालाच्या बोटीतून आलं, तेव्हा आम्ही नुकतेच परत येऊन दोरी गुंडाळत होतो. म्हणजे तुझे फोन येऊन गेल्यावरही चार-पाच दिवस मी तिला ओढत होतो. धक्क्यावरच उभ्यानं वाचलं आणि कमानीचा उजवा मागचा पाय धरून हलवला. बोल्ट आणि खालची चकती, सगळं गुलाबी ढेकळासकट वर आलं. जोर न लावता, ताई. उद्या पूर्ण वेगात उखडली असती तर कमान माझ्या डोक्यात आली असती, नाहीतर दोरीबरोबर तिच्यावर.

तुझ्यावर रागावलो होतो. पत्र चुरगळून फेकलंही, मग पाण्यातून काढून वाळवलं. संध्याकाळी किर्स्टनला विचारलं की ओढताना कधी काही जाणवलं का. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. ती उडाली की दोरीला हिसका बसायचा आणि वर काहीतरी करकरायचं. रात्री तिला तेच स्वप्न पडायचं. मग बोलली का नाहीस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती म्हणाली, "आजोबा गेल्यापासून तुम्ही इतके खूश कधीच दिसला नव्हता, बाबा."

आता तुझ्यावर रागावू तरी कोणत्या तोंडानं.

कमान उतरवली. उद्या आम्ही दोघं धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी बघू. किर्स्टन आत्याला नमस्कार सांगते. लोभ तर आहेच. पण यापुढे भीती वाटली की मला आधी सांगत जा, मीही सांगीन.

तुझा
लाइल